वसई तालुक्यातील फुटव्यांची राने आणि वृक्षसंरक्षणाचा कायदा : जूचंद्र परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील जूचंद्र हे गाव नायगाव रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस वसले आहे. रांगोळी कलावंतांचे गाव आणि टेकडीवरील चंडिका देवीचे स्थान ही त्याची महाराष्ट्रातील सर्वपरिचित ओळख होय. भूगोलाच्या दृष्टीने पाहता हे गाव दोन वेगळ्या भूप्रदेशांच्या सीमेवर आहे. एका बाजूस वसईची खाडी, मिठागरे, खारजमिनी व तिवरांची दाटी आहे. तर दुसऱ्या बाजूस कामण व तुंगारेश्वरच्या डोंगररांगांकडे चढत जाणारा, पानगळीच्या झाडांनी व्यापलेला प्रदेश आहे. खाडीकाठ आणि डोंगरउतार या दोन्ही ठिकाणच्या वनस्पतींचा माणसाने पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीने उपयोग केला. झाड मुळासकट न काढता त्याच्या फांद्या वा खोड तोडायचे, नवे धुमारे फुटू द्यायचे आणि काही वर्षांनी पुन्हा तोडायचे, अशी ती रीत होती.

अशा रानाला कायद्याने कोणते संरक्षण दिले आणि ते देताना कायद्याने 'झाड' या शब्दाचा कोणता अर्थ गृहीत धरला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वनविषयक इतिहासलेखनात ठाणे जिल्ह्याचा उल्लेख प्रामुख्याने आदिवासींचे हक्क व वसाहतकालीन वनधोरणाविरुद्धचा असंतोष या अंगाने येतो. ते लेखन मोलाचे आहे. परंतु तोडीवर जगणाऱ्या रानाचे कायदेशीर स्थान काय, या प्रश्नाकडे त्यामानाने कमी लक्ष गेले आहे. १८७८ पासून आजपर्यंतच्या कायद्यांतील व्याख्या व तरतुदी आणि प्रकाशित ऐतिहासिक साधने यांच्या आधारे येथे हा प्रश्न तपासला आहे. ज्या कायद्यांनी जमिनीसह रानाचा विचार केला, त्यांना फुटव्यांचे रान ओळखता आले. ज्या कायद्यांनी उभ्या खोडांची मोजणी हा आधार धरला, त्यांच्या नजरेतून ते निसटले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

फुटव्यांचे रान : संकल्पना

वनविद्येत ज्याला 'कॉपिस' म्हणतात, त्यासाठी येथे 'फुटव्यांचे रान' हा शब्दप्रयोग केला आहे. झाड जमिनीलगत तोडल्यावर जो खुंट उरतो, त्याची मुळे जिवंत असतात. पावसाळ्याच्या आरंभी या खुंटावरील सुप्त कळ्यांतून अनेक धुमारे एकाच वेळी फुटतात. मुळांचा विस्तार आधीच झालेला असल्याने हे धुमारे बियांपासून उगवलेल्या रोपांच्या तुलनेत सुरुवातीच्या वर्षांत झपाट्याने वाढतात. साग, ऐन, धावडा, पळस अशा अनेक झाडांत ही क्षमता कमीअधिक प्रमाणात आढळते. जमिनीपासून उंचावर फांद्या छाटून बुंधा उभा ठेवणे हा याच रीतीचा दुसरा प्रकार होय. कोकणात टाहळ तोडताना बहुधा हाच प्रकार अवलंबिला जाई.

या रानाची दोन वैशिष्ट्ये कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे की, येथे तोड आणि नाश हे समानार्थी नाहीत. तोडल्याने झाड मरत नाही. खुंट उपटल्याने, वारंवार आग लागल्याने किंवा कोवळे धुमारे गुरांनी सतत खाल्ल्याने ते मरते. दुसरे असे की, वर दिसणाऱ्या खोडाचे वय आणि जमिनीतील मुळांचे वय यांत मोठे अंतर असू शकते. आठ-दहा वर्षांचे, मनगटाएवढे जाड धुमारे ज्या खुंटावर उभे आहेत, तो खुंट कित्येक दशकांचा असू शकतो. कायदा यांपैकी कोणत्या वयाला झाडाचे वय मानतो, यावर त्या रानाचे भवितव्य अवलंबून असते.

राब, टाहळ आणि वरकस जमीन

कोकणातील भातशेतीत रोपे तयार करण्यासाठी 'राब' करण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली आहे. रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांच्या पालेदार फांद्या म्हणजे टाहळ, गवत व पातेरा यांचे थर पसरायचे, त्यांवर बारीक माती टाकायची आणि पावसाळ्यापूर्वी ते पेटवायचे. भाजलेल्या त्या जमिनीत बी पेरून वाढलेली रोपे नंतर खाचरांत लावायची, अशी ही पद्धती होय. राबासाठी ऐनाचा टाहळ विशेष पसंत केला जाई. १८८२ साली जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या पद्धतीची नोंद आढळते.

वसई तालुक्याच्या संदर्भात येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. खाडीलगतच्या खारजमिनीतील भाताला सर्वसाधारणपणे राबाची गरज नसे. गोड्या जमिनीतील लावणीच्या भाताला मात्र ती असे. त्यामुळे ज्या गावांची शेती खाऱ्या व गोड्या अशा दोन्ही प्रकारच्या जमिनींवर होती, तेथील शेतकऱ्याचे डोंगरउतारावरील झाडांशी असलेले नाते त्याच्या गोड्या खाचरांच्या प्रमाणात ठरत असे.

ही गरज भागवण्यासाठी भातजमिनीला जोडून 'वरकस' जमिनीची व्यवस्था होती. वरकस म्हणजे उताराची, हलकी, डोंगराळ जमीन. तीवर नाचणी-वरीसारखी पिके आलटून पालटून घेतली जात आणि उरलेल्या काळात गवत व टाहळ मिळत असे. वरकसावरील झाडे शेतकरी समूळ तोडत नसे, कारण पुढल्या वर्षीच्या राबाचा आधार तीच होती. अर्थात ही व्यवस्था सर्वत्र व सदैव निर्दोष होती असे मानण्याचे कारण नाही. जेथे लोकसंख्या व लागवड वाढली, तेथे झाडांना पुरेशी विश्रांती मिळाली नाही आणि ती खुरटली, ही वनाधिकाऱ्यांची तक्रार सर्वस्वी निराधार नव्हती.

राबाच्या उपयुक्ततेविषयी शासनातही एकवाक्यता नव्हती. १८८० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने राबाला पर्याय शोधण्यासाठी प्रयोग केले. जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी भारतीय शेतीवरील आपल्या १८९३ च्या अहवालात या प्रश्नाची चर्चा केली. पुढे १९१२ साली हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी राब पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. राखेतून मिळणारे खत एवढेच राबाच्या परिणामाचे कारण नसून मातीला लागणारी धग हाही त्यातील महत्त्वाचा घटक आहे, असे त्यातून पुढे आले. अडाणीपणाची म्हणून हिणवली गेलेली रीत निदान विचारार्ह होती, हे यावरून दिसून येते.

१८७८ चा कायदा आणि मुंबई वन आयोग

मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. मुंबई शहराची इमारती व जळाऊ लाकडाची मागणी आणि पुढे रेल्वेची गरज यांमुळे खाडीमार्गे व लोहमार्गाने मुंबईशी जोडलेली ठाणे जिल्ह्यातील वने शासनाच्या दृष्टीने मोलाची ठरली. १८६५ च्या पहिल्या कायद्यानंतर १८७८ चा भारतीय वन अधिनियम आला. त्याने वनांची राखीव, संरक्षित व ग्रामवने अशी विभागणी केली. राखीव वनात झाड तोडणे, त्याची साल काढणे, फांद्या छाटणे व ते जाळणे ही सर्व कृत्ये एकाच पंक्तीत बसवून अपराध ठरवण्यात आली.

या कायद्याची 'झाड' या संज्ञेची व्याख्या मात्र आवर्जून पाहण्यासारखी आहे. ताड-माडाच्या जाती, बांबू, खुंट, झुडपे आणि वेत यांचा तीत समावेश आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने तीच व्याख्या कायम ठेवली. म्हणजे कायद्याच्या भाषेत जमिनीत उरलेला खुंट हेही झाडच होते. वनखात्याच्या उत्पन्नाचे व मालकीचे रक्षण करणे हा या व्याख्येचा हेतू असावा. तरीही खुंट हा मृत अवशेष नसून वनाचा जिवंत घटक आहे, हे तत्त्व तीत अभावितपणे मान्य झाले.

शेतकऱ्याच्या ताब्यातील झाडांचा प्रश्न निराळा होता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या कलम ४० नुसार, ज्या गावांची मूळ पाहणी व जमाबंदी पूर्ण झाली होती तेथील झाडांवरील शासनाचा हक्क, राखून ठेवलेली झाडे वगळता, कब्जेदाराला दिल्याचे मानले गेले. परंतु कोणती झाडे राखून ठेवली आहेत, वरकस जमीन कब्जेदाराची की वनाची आणि वनहद्द नेमकी कोठे, यांविषयी ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तीव्र वाद निर्माण झाले. हद्दी आखताना पूर्वी ज्या रानातून टाहळ मिळत असे तो भाग राखीव वनात गेला आणि कालपर्यंतची वहिवाट आज अपराध ठरली.

या असंतोषाला महाराष्ट्रातील सार्वजनिक जीवनात वाचा फुटली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ च्या कायद्याच्या मसुद्यास आक्षेप घेतले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात वनखात्याने शेतकऱ्याची डोंगरकुरणे हिरावल्याबद्दल कठोर टीका केली. ठाणे जिल्ह्यातील तक्रारींची तीव्रता इतकी वाढली की, मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. या आयोगाचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. राब, टाहळ, ताब्यातील जमिनीवरील झाडे आणि वनहद्द हे त्याच्यापुढील प्रमुख विषय होते.

या वादात दोन भूमिका समोरासमोर होत्या. टाहळतोडीमुळे झाडे खुरटतात व वन नष्ट होते, अशी वनाधिकाऱ्यांची भूमिका होती. टाहळावाचून भात नाही आणि भातावाचून सारा नाही, असा शेतकऱ्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. ज्या वनखात्याने शेतकऱ्याच्या तोडीला नाश म्हटले, त्याच खात्याने पुढे ठाण्यासह कोकणातील वनांसाठी काही निवडक झाडे राखून बाकीची जमिनीलगत तोडण्याची व फुटव्यांतून वन पुन्हा उभे करण्याची पद्धती कामयोजनांतून स्वीकारली. वनाचे 'कूप' पाडून ते पाळीपाळीने तोडण्याची ही रीत, तत्त्वतः पाहता, पुनर्वाढीच्या त्याच नियमावर आधारलेली होती. टाहळ दरवर्षी घेतला जाई, कूप दीर्घ मुदतीने तोडला जाई आणि त्यानंतर काही वर्षे चराईबंदी असे, हा फरक महत्त्वाचा आहेच. परंतु यावरून हेही सिद्ध होते की, कोण तोडतो, कशी तोडतो आणि किती विश्रांती देतो हाच खरा वाद होता. तोडीमुळे रान मरते की जगते, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही पक्षांना ठाऊक होते.

स्वातंत्र्योत्तर कायदे : खाजगी वने व खुंटांची जमीन

स्वातंत्र्योत्तर काळात राज्याने खाजगी जमिनीवरील झाडांकडे लक्ष वळवले. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार अनुसूचीत नमूद केलेली झाडे तोडण्यासाठी परवानगी बंधनकारक झाली. या अनुसूचीत साग, खैर, आंबा, फणस, मोह, हिरडा, जांभूळ यांच्याबरोबर ऐन आणि किंजळ यांचाही समावेश आहे. म्हणजे शतकभरापूर्वी ज्या ऐनाच्या टाहळासाठी वाद झाला, त्याला खाजगी जमिनीवरही कायद्याचे संरक्षण मिळाले. हा कायदा जातीनुसार झाड ओळखतो. झाड कोणत्या रीतीने वाढवले आहे, हा त्याचा विषय नाही.

१९७५ साली मात्र वेगळ्या दृष्टीचा कायदा आला. ३० ऑगस्ट १९७५ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने राज्यातील खाजगी वने शासनाकडे निहित केली. या अधिनियमातील 'वन' या संज्ञेची व्याख्या व्यापक आहे. उभ्या वा तोडलेल्या झाडांनी, झुडपांनी किंवा काष्ठमय वनस्पतींनी व्यापलेला, नैसर्गिक वा मानवनिर्मित असा कोणताही भूप्रदेश तीत येतो. इतकेच नव्हे, तर वनातील झाडांच्या खुंटांनी व्यापलेली जमीनही वनच होय, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. झाडे तोडून टाकली म्हणून जमीन वनाच्या व्याख्येबाहेर जाऊ नये, हा या तरतुदीचा उघड हेतू आहे. फुटव्यांच्या रानाला याहून अनुकूल व्याख्या महाराष्ट्राच्या कायद्यात क्वचितच आढळेल.

परंतु या व्याख्येची अंमलबजावणी सरळ झाली नाही. खाजगी वन म्हणून ज्या जमिनी निहित झाल्या, त्यांत लहान शेतकऱ्यांच्या वरकस जमिनी येण्याचाही संभव होता. १९७८ च्या दुरुस्तीने कलम २२-अ समाविष्ट करून, ज्यांची एकूण धारण जमीन १२ हेक्टरपेक्षा अधिक नाही अशा धारकांना जमीन परत मिळण्याची वाट मोकळी करण्यात आली. दुसरीकडे, ज्या जमिनींना १९५० च्या दशकात वन अधिनियमाच्या कलम ३५ खाली केवळ नोटिसा काढल्या होत्या, त्यांची नोंद दशकानुदशके अनिर्णित राहिली आणि तेथे वसाहती उभ्या राहिल्या. मुलुंड, विक्रोळी आदी ठिकाणच्या जमिनींसंबंधी ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या गोदरेज प्रकरणातील निकालात, केवळ नोटीस काढल्याने जमीन खाजगी वन ठरत नाही. ती बजावलेली व त्यावरील कार्यवाही चालू असलेली असली पाहिजे, असे तत्त्व मांडले गेले. खाजगी वनांविषयीचे वाद त्यानंतरही चालूच राहिले. व्याख्येत खुंटाला स्थान मिळाले. मात्र जमिनीवर ते खुंट कोठे आहेत याची विश्वसनीय नोंद वेळेवर झाली नाही, हा या इतिहासाचा धडा आहे.

१२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाचा कोशगत अर्थ ग्राह्य धरून, मालकी कोणाचीही असली तरी अशा क्षेत्राला वनसंवर्धनाचा कायदा लागू केला आणि शासनमान्य कामयोजनेखेरीज वनातील तोड थांबवली. २००३ साली तुंगारेश्वर परिसरातील सुमारे ८५ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. या दोन घटनांमुळे वसईच्या पूर्वेकडील डोंगरांच्या गाभ्याला संरक्षण मिळाले. त्याच वेळी कूपतोडीची व टाहळाची परंपरा या गाभ्यातून जवळजवळ संपुष्टात आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड व खुंट यांचा समावेश करून वनवासी समाजाचा त्यांवरील हक्क मान्य केला. १८७८ साली 'झाड' म्हणून शासनाच्या मालकीचा झालेला खुंट २००६ साली 'वनोपज' म्हणून लोकांकडे परत आला, असे म्हणता येईल.

नागरी क्षेत्राचा कायदा आणि खोडांची मोजणी

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला. जूचंद्रसारखी गावे नागरी प्रशासनाखाली आल्याने तेथील झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू झाला. शहरातील रस्त्यांवरची, बागांतील व आवारांतील झाडे वाचवणे हा या कायद्याचा मूळ हेतू होता. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, ठरावीक मुदतीने वृक्षगणना, पूर्वपरवानगीखेरीज तोडीस मनाई आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात लागवड अशी त्याची रचना आहे.

या कायद्यात झाड तोडणे या शब्दप्रयोगात ते जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्यास इजा करणे यांचा समावेश होतो. रस्त्याकडेच्या वडासाठी ही व्याख्या योग्यच आहे. परंतु फुटव्यांच्या रानाला ती लावली असता दोन अगदी भिन्न कृती एकाच शब्दाखाली येतात. धुमारे तोडून खुंट राखणारा शेतकरी आणि यंत्राने खुंट उपटून जमीन सपाट करणारा विकासक यांची कृती कायद्यासमोर सारखीच 'तोड' ठरते. पहिल्या कृतीनंतर पावसाळ्यात रान पुन्हा उभे राहते. दुसऱ्या कृतीनंतर ते कायमचे जाते. व्यवहारात तर याच्याही पुढची विसंगती संभवते. परवानगी घेऊन वा न घेता एकदा धुमारे तोडले गेले की उरलेली जमीन पाहणाऱ्याला 'मोकळी' दिसते. त्यानंतर खुंट काढताना मोजण्यासारखे झाड तेथे उरलेलेच नसते.

२०२१ च्या दुरुस्तीने हा प्रश्न अधिक नेमका झाला आहे. या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांसाठी हेरिटेज वृक्ष ही संकल्पना आणली आणि भरपाईच्या लागवडीची संख्या तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाशी जोडली. जुन्या झाडाचे मोल रोपट्याएवढे नाही, हे तत्त्व यातून मान्य झाले, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु झाडाचे वय सामान्यतः खोडाच्या घेरावरून अनुमानिले जाते. फुटव्यांच्या रानात घेर मोजला तर वय आठ-दहा वर्षे येईल. खुंटाचा विचार केला तर तेच वय कित्येक पटींनी वाढेल. त्यामुळे जे रान पिढ्यान्‌पिढ्या राबाला टाहळ देत आले, ते कायद्याच्या कागदावर कालपरवा उगवलेल्या झुडपांचे ठरण्याचा धोका आहे. वृक्षगणनेतही हीच अडचण येते. एका खुंटावरील सहा धुमारे ही सहा झाडे मानायची की एक, आणि नुकतेच तोडलेले खुंट मोजायचे की वगळायचे, यांवर आकडे पूर्णतः बदलतात.

खाडीकाठची तिवरे : जमिनीचे संरक्षण

डोंगरउताराच्या या स्थितीची तुलना जूचंद्रच्या दुसऱ्या अंगाशी, म्हणजे खाडीकाठाशी करणे उद्बोधक ठरते. तिवर ही खारफुटीची जात फांद्या तोडल्यावर पुन्हा फुटते. कांदळाच्या जातींत ही क्षमता फारशी नसते. कोकणच्या खाडीकाठी तिवराच्या फांद्यांचा सरपण व चारा म्हणून उपयोग होत आला आहे. त्या अर्थाने तिवरांची दाटी हेही एक प्रकारचे फुटव्यांचे रानच होय.

६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेत अंतरिम आदेश देऊन राज्यातील खारफुटीच्या तोडीस मनाई केली. खारफुटीचे क्षेत्र कोणाच्याही मालकीचे असो, तेथे व त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम व भराव यांना प्रतिबंध करण्यात आला. नकाशे तयार करून ही क्षेत्रे वन म्हणून अधिसूचित करण्याची प्रक्रियाही त्यातून सुरू झाली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने हे संरक्षण दृढ केले.

या आदेशाचे वैशिष्ट्य असे की, त्याने झाडांची संख्या वा खोडांचा घेर यांना महत्त्व दिले नाही. क्षेत्र निश्चित केले आणि त्या क्षेत्रावरील वनस्पती नष्ट केली तरी जमिनीचा दर्जा बदलणार नाही, अशी भूमिका घेतली. त्यामुळे तिवरे तोडून जमीन 'मोकळी' करण्यात निदान कायदेशीर लाभ उरला नाही. भराव व अतिक्रमणाच्या तक्रारी संपल्या असे नव्हे. पण तक्रार करणाऱ्या नागरिकाच्या हाती नकाशाचा आधार आला. सरपणासाठी मर्यादित तोड करणाऱ्या स्थानिकांना मात्र या आदेशात वेगळे स्थान मिळाले नाही, ही त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. एकाच गावाच्या दोन बाजूंना असलेली ही दोन राने कायद्याच्या दोन वेगवेगळ्या दृष्टींची उदाहरणे ठरतात.

इंग्लंडमधील अनुभव

हा पेच केवळ महाराष्ट्रापुरता नाही. इंग्लंडमध्ये फुटव्यांची वने ही मध्ययुगापासून चालत आलेली व्यवस्था असून, १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली तेथील स्थानिक प्राधिकरणे वृक्षसंरक्षण आदेश काढू लागली. फुटव्यांच्या रानाला असा आदेश लागू होतो का, हा प्रश्न तेथील न्यायालयांपुढे आला. १९७६ च्या बॅचलर प्रकरणात न्या. लॉर्ड डेनिंग यांनी वनातील झाडाचा व्यास निदान सात-आठ इंच असावा, असे मत व्यक्त केले. हे मत कायम राहिले असते तर बहुतेक फुटव्यांची राने संरक्षणाबाहेर गेली असती. परंतु १९८० च्या बुलक प्रकरणात न्या. फिलिप्स यांनी हा निकष स्वीकारला नाही आणि अशा रानालाही वृक्षसंरक्षण आदेश लागू होऊ शकतो, असा निर्णय दिला. २००९ च्या पाम डेव्हलपमेंट्स प्रकरणात कोवळ्या रोपांनाही झाडाचा दर्जा असल्याचे मान्य झाले.

तेथील आदेश एकेका झाडासाठी, झाडांच्या समूहासाठी किंवा संपूर्ण वनक्षेत्रासाठी काढता येतो. वनक्षेत्राचा आदेश असेल तर त्यात नंतर उगवलेली झाडेही संरक्षित मानली जातात. तोडीला पूर्वसंमती लागते. परंतु रान टिकवणारी पाळीची तोड संमतीने चालू राहू शकते. मालकाचे हक्क, हवामान व शेतीपद्धती या बाबतींत तेथील परिस्थिती आपल्याहून भिन्न असल्याने ती व्यवस्था जशीच्या तशी उचलता येणार नाही. तथापि, एकेक झाड आणि वन यांच्यासाठी आदेशाचे वेगळे प्रकार असावेत, हे तत्त्व आपल्याकडेही विचारार्ह आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. वसाहतकालीन कायद्याने खुंटाला झाड मानले. पण टाहळ घेणाऱ्या शेतकऱ्याला अपराधी ठरवले. १९७५ च्या खाजगी वनांच्या कायद्याने खुंटांच्या जमिनीला वन मानले. पण नोंदी व कार्यवाही यांतील विलंबामुळे त्याचा लाभ मर्यादित राहिला. त्याच वर्षीच्या नागरी कायद्याने उभे झाड केंद्रस्थानी ठेवले. गावे शहरात सामील होत गेली तसतशी डोंगरउतारावरील राने या दुसऱ्या दृष्टीच्या कक्षेत आली. खाडीकाठच्या तिवरांना मात्र २००५ नंतर क्षेत्राधिष्ठित संरक्षण मिळाले.

१८८० च्या दशकातील वादात शेतकरी व वनाधिकारी परस्परविरोधी होते, तरी दोघांनाही खुंटाचे महत्त्व ज्ञात होते. आजच्या नागरी वृक्षसंरक्षणात ते ज्ञान कोणत्याही पक्षाकडे फारसे उरलेले नाही. राब कमी झाला, सरपणाची जागा गॅसने घेतली आणि वरकस जमिनीला बिनशेती दर मिळू लागला. त्यामुळे खुंट राखण्यात कोणाचाच प्रत्यक्ष हितसंबंध राहिला नाही. ज्या रानाचा कोणी वापरकर्ता नाही आणि ज्याची कायद्यात स्वतंत्र ओळख नाही, ते रान सर्वांत आधी जाते.

या दृष्टीने तीन गोष्टी करणे शक्य आहे. वृक्षगणनेत फुटव्यांच्या रानाची क्षेत्र म्हणून स्वतंत्र नोंद व्हावी आणि तीत खुंटांचा समावेश असावा. अशा झाडाचे वय ठरवताना धुमाऱ्याच्या घेराऐवजी खुंटाचा विचार व्हावा. खुंट उपटणे आणि खुंट राखून केलेली पाळीची तोड यांत कायद्याने व नियमांनी भेद करावा. यांपैकी पहिल्या कामासाठी नव्या कायद्याची गरज नाही. परिसरातील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र, भूगोल व इतिहास विभाग एकत्र आले तर वरकस जमिनींचे जुने नकाशे, सात-बारावरील नोंदी आणि वयोवृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणी यांच्या आधारे गावनिहाय नोंद करता येईल. ज्यांनी स्वतः टाहळ तोडला आणि राब भाजला अशी माणसे आता थोडी उरली आहेत. कोणता खुंट किती जुना, हे त्यांच्याइतके कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही. म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.